कपाशीच्या फुलामागचं कापड

कारंजा घाडग्यात कोणी गेलं की लोक आधी लाकडांची सोय पाहत आणि मग चंद्रभान धांद्याला बोलावणं धाडत. पुष्कळदा हा क्रम उलटाही असे. लाकडं थांबतात, चेहरा थांबत नाही.

चंद्रभानचा हमरस्त्यावर स्टुडिओ होता. नाव 'कोकिळा फोटो स्टुडिओ'. कोकिळा ही त्याची बायको. नावानं ती मालकीण आणि कामानं मदतनीस, म्हणजे बहुतेक घरांत असते तशीच. स्टुडिओत एक रंगवलेला पडदा होता. त्यावर संगमरवरी जिना आणि जिन्याच्या दोन्ही अंगांना कुंड्या. असा जिना साऱ्या पंचक्रोशीत कोणाच्या घरी नव्हता, पण लग्नाच्या मुलींचे फोटो त्याच जिन्याच्या पायथ्याशी निघत आणि मुलाकडच्यांनीही कधी जिन्याची चौकशी केली नाही.

घर मात्र या जिन्यावर चालत नव्हतं. घर चालत होतं मयतावर.

सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराला खेड्यातल्या म्हाताऱ्यांचा जन्मात एकही फोटो निघालेला नसे. "माह्या थोबाडाचा काय फोटू काढतं रे" म्हणत जन्मभर पळालेला माणूस मेल्यावर पळू शकत नसे. तेवढ्यात घरचे चंद्रभानला बोलावून घेत. भिंतीवर लावायला काहीतरी हवंच. मग मयताला अंघोळ घालून, टोपी घालून लाकडी खुर्चीत बसवत. कमरेला दुपट्टा बांधत. मान सावरायला घरातलं कोणीतरी, बहुधा मुलगा, मागं उकिडवं बसे, आणि तो दिसू नये म्हणून मध्ये कापड धरलं जाई. मागचा माणूस कापडाआडून दोन्ही हातांनी मान धरून राही. फोटोत फक्त गेलेला माणूस येई, थोडा रागावल्यासारखा, थोडा विचारात पडल्यासारखा. मानेपाशी बोटं आलीच, तर चंद्रभान नंतर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून ती घालवी.

हे कापड म्हणजे एक जुना हातमागाचा पलंगपोस होता. गर्द जांभळा, त्यावर तळहाताएवढ्या पांढुरक्या कोयऱ्या. कोकिळाच्या लग्नातला. पहिल्याच वर्षी एका मयताच्या घरी उदबत्तीनं त्याला भोक पडलं. कोकिळानं अंगणात बसून त्याला तिकोनी ठिगळ लावलं, डोक्यावरून अंघोळ केली आणि सांगितलं, "आता हे घरात येणार नाई, अन् मी याले पुन्हा हात लावणार नाई."

तेव्हापासून पलंगपोस परसातल्या तारेवर राहू लागला, आणि पावसापाण्याचा गोठ्यातल्या खुंटीवर. गावोगावच्या भिंतींवर मात्र त्याची चांगलीच चलती होती. सगळ्यांच्या आज्या-आजोबांच्या उजव्या खांद्याशी ते तिकोनी ठिगळ दिसे. फोटो काळे-पांढरे, त्यामुळे त्याचा रंग कोणाला ठाऊक नव्हता आणि कोणी विचारलाही नव्हता.

चंद्रभानला या कामाची किळस नव्हती. भीती तर मुळीच नव्हती. त्याला थकवा होता. रडणारी माणसं कॅमेरा दिसला की थांबत, पदर नीट करत, आणि फोटो झाल्यावर जिथून थांबली तिथून पुन्हा रडू लागत. चूल बंद असल्यामुळे चहाचा प्रश्न नसे. "बुवाले जरा हसवता येईल काय?" असं मेलेल्या बापाबद्दल विचारणारा मुलगाही त्याला भेटला होता. चंद्रभाननं शांतपणे सांगितलं, की ते जिवंतपणीच पाहायला पाहिजे होतं. मग उपाशी पोटी सायकल मारत घरी यायचं, अंगणात उभं राहायचं आणि कोकिळा लांबून पाणी ओतत असताना कापड तारेवर टाकायचं. वर्षानुवर्षं हेच. नाही म्हणावं तर कोणाला? मयताला नाही म्हणणाऱ्या माणसाला गावात उद्या कोण खांदा देईल?

फुलांचा नाद त्याला या मयतांमुळेच लागला. मयताचे दोन-तीन फोटो घेतले की रोलमध्ये जागा उरे. परतताना वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सायकल टेकवून तो त्या जागेत फुलं भरी. फूल हे गिऱ्हाईक त्याला बरं वाटलं. मागं कोणी मान धरायला लागत नाही आणि फोटो पाहून "आमचं फूल असं नव्हतं" असं कोणी म्हणत नाही.

अडचण एकच. फुलाच्या मागं सारं जग दिसतं. काटक्या, बांध, शेजारची म्हैस. म्हणून तो मागं धरायला घरातली एकेक वस्तू नेऊ लागला. संत्र्याचा पांढरा बहार तव्याच्या काळ्या पाठीपुढं असा उठून दिसला, की कोकिळाही क्षणभर गप्प झाली. क्षणभरच.

"चांगला आला," ती म्हणाली. "आता तवा द्या. फोटूवर भाकर भाजत नाई."

जवसाच्या निळ्या फुलाला त्यानं शेणानं सारवलेलं सूप लावलं. तुरीच्या पिवळ्याला निळीत बुचकळलेलं पोतं. करडईला कोकिळाचं काळं लुगडं, ती ते नेसलेली असतानाच, ती झाडामागं उभी राही आणि हा म्हणे, "हालू नको." सावलीच्या बाजूनं उजेड टाकायला पितळी परात. वारा सुटला की सगळं थांबायचं. लोक धुऱ्यावर उभे राहून पाहत आणि एकमेकांना सांगत, की मयतात राहून राहून चंद्रभानच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. चंद्रभानला हे निदान अगदीच चुकीचं वाटत नसे.

त्र्याऐंशी साली हिरालालशेठ स्टुडिओत आले. बसस्टँडसमोर त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान. आले होते पासपोर्ट फोटो काढायला, पण काचेतल्या तुरीच्या फुलापुढं थांबले.

"अरे चंद्रभान, ये क्या है? हे त माह्याच दुकानातल्या बियाचं फूल आहे!"

"वावर दुसऱ्याचं आहे, शेठजी."

"बीज तो मेरा है ना!" हिरालालशेठ खुर्चीत बसले. त्यांचं एक जुनं दुःख होतं. दर वर्षी ते गिऱ्हाइकांना लक्ष्मीचं कॅलेंडर वाटत, आणि समोरचा दुकानदारही तीच लक्ष्मी वाटे, त्याच छापखान्याची. "दोन दुकानं, एक लक्ष्मी. लोकायले कसं कळल कोणाची कोण्ती? औंदा आपण फुलं छापू. रंगीत. जे बी मी विकतो त्याचंच फूल. अन् जमलं, त दर साल तुलेच काम. अमरावतीवाले माझे साडू आहेत, तेही घेतील. आर्वीवाले घेतील."

चंद्रभान रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, याच गोष्टीचा विचार करत राहिला. दर साल कॅलेंडर. तीन दुकानांची तीन. एवढ्यावर घर चाललं असतं. म्हणजे मयताला नाही म्हणता आलं असतं. त्यासाठी लागणारं वाक्यही त्यानं तयार केलं: "मी आता फुलंच काढतो." सायकलवर एकटा असताना तो ते निरनिराळ्या आवाजात म्हणून पाही. दुःखी आवाजात ते सगळ्यात चांगलं वाटे.

वर्षभर फुलं जमली. नागपूरहून आणलेला रंगीत रोल भरलेला दुसरा कॅमेरा तो पिशवीतच ठेवू लागला. राहिली कपाशी. हिरालालशेठच्या दुकानात सगळ्यात जास्त बी कपाशीचं, म्हणून पहिल्या पानावर तीच पाहिजे होती. पण कपाशीचं फूल हे महा लबाडीचं प्रकरण. सकाळी फिकट पिवळं उमलतं, दुपारी कंटाळतं, संध्याकाळी गुलाबी होऊन मिटायला लागतं. त्या फिक्या पिवळ्याला मागं गडद काहीतरी हवं. तवा पुरला नाही. लुगड्यापुढं ते आजारी दिसलं. पुठ्ठा निळा रंगवून ठेवला, तर आदल्या रात्रीच्या पावसानं त्याचा लगदा केला.

त्या सकाळी चंद्रभान एका मयताहून परतत होता. पहाटे गेला होता, काम उरकलं होतं, पोटात काही नव्हतं. धुऱ्याशी पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, एक फूल नुकतंच उमललेलं, पाकळीवर पावसाचे थेंब, आणि वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं. असा योग महिनाभरात आला नव्हता. त्यानं पिशवीत हात घातला. पिशवीत पलंगपोस होता.

तो थांबला नाही असं नाही. थोडा थांबला. पण ऊन चढत होतं. कापड निर्जीव असतं, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि दोन तुराट्यांवर पलंगपोस ताणला. जांभळ्यावर ते पिवळं असं काही फुललं, की तो पोटातली भूक विसरला. इतक्या वर्षांत त्या कापडापुढं पहिल्यांदाच काहीतरी उमललेलं बसलं होतं.

फोटो धुऊन आला तेव्हा कोकिळानं तो दाराशी उजेडात धरला.

"हे तेच आहे," ती म्हणाली.

"काय?"

"तारेवरचं."

"मांगं पुसट आहे. कोणाले ओळखू येते?"

"मले आलं ना."

"तू ठिगळ लावलं म्हणून."

"मंग ज्याच्या घरी ते टांगलं आहे त्याले येणार नाई काय?" ती आत गेली. आतून म्हणाली, "शेठजीले दुसरं द्या."

दुसरं नव्हतं. आणि हिरालालशेठनं फोटो पाहताच टेबलावर थाप मारली. "वा रे पठ्ठे! हा जांभळा रंग कुठून आणला?"

"घरचाच आहे," चंद्रभान म्हणाला. ते खोटं नव्हतं.

कॅलेंडर नागपूरला छापून आलं. वर कपाशीचं फूल, चांगलं हातभर. खाली मोठ्या अक्षरांत हिरालालशेठचं पूर्ण नाव आणि दुकानाचा पत्ता. दिवाळीत ते वाटलं गेलं. समोरच्या दुकानात तीच लक्ष्मी होती. पहिले काही दिवस हिरालालशेठ रस्त्यावर येऊन मुद्दाम समोर पाहत.

मग एक शेतकरी कॅलेंडर गुंडाळून परत घेऊन आला. "शेठजी, हे तुमीच ठेवा. हे आमच्या बुवाच्या मांगचं कापड आहे."

हिरालालशेठला काही समजलं नाही. त्यांनी त्याला कपाशीचे भाव सांगितले. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले. एकाची आई होती, दुसऱ्याचा थोरला भाऊ. पुसटपणा काही कामी आला नव्हता. कोयऱ्या होत्या, आणि फुलाच्या उजव्या अंगाला, थोडं वर, ते तिकोनी ठिगळ. लोकांनी रोज संध्याकाळी दिवा लावताना ज्याच्याकडे पाहिलं होतं, ते त्यांना पुसट करून फसवता येणार नव्हतं.

परत करणारे बरे म्हणायचे. हिरालालशेठ कामानिमित्त नारे गावाकडं गेले, तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या ओसरीवर त्यांना आपलं कॅलेंडर दिसलं. आजोबांच्या फोटोशेजारी लावलेलं. त्याला झेंडूचा हार होता. खाली उदबत्ती जळत होती. आणि हाराच्या बरोबर मध्ये, कुंकवाचं बोट लावलेलं, त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव.

शेठजी तिथं पाणीसुद्धा प्यायले नाहीत. थेट स्टुडिओत आले आणि संगमरवरी जिन्यापुढं मटकन बसले.

"माह्या नावाले हार घातला रे! कुंकू लावलं! मी जिता आहे!"

"दिसून राह्यलं, शेठजी."

"तुले दिसून राह्यलं. त्यायले कुठं दिसते? एक बुढी मले पाहून घाबरली. तुले दुनियेत दुसरं कापड भेटलं नाई?"

चंद्रभानजवळ उत्तर होतं. सकाळ होती, थेंब होते, वारा नव्हता. पण ते हार घातलेल्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

"पुढच्या साली लक्ष्मीच बरी," हिरालालशेठ उठताना म्हणाले. "दोन दुकानात एक असली म्हणून काय झालं? ती कोणाच्या मयताले त गेली नाई." अमरावतीच्या साडूंचा विषय निघालाच नाही.

त्याच आठवड्यात मयताचं बोलावणं आलं. तयार केलेलं वाक्य चंद्रभानच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं. तो गेला. कापड नेलं नाही, घरातली चादर लावू म्हणाला. घरचे म्हणाले, "असं कसं? सगळ्यायच्या मांगं तेच आहे. आमच्याच बुढ्याले चादर काऊन?" तो सायकल मारत परत आला आणि तारेवरून पलंगपोस काढून घेऊन गेला. कोकिळा दारातून पाहत होती. तिनं काही म्हटलं नाही, ही तिची मोठी मेहेरबानी होती.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारच्या एसटीनं तळेगावहून एक म्हातारी आली. मनकर्णाबाई. हातात सुरळी केलेलं कॅलेंडर, काखेत कापडात गुंडाळलेली एक तसबीर. चंद्रभान मनात म्हणाला, आता हीही परत करायला आली. शेठजींकडं जायचं सोडून इकडं.

"हे काढलं ते तूच ना?" तिनं कॅलेंडर उलगडलं.

"मीच, आजी. चूक झाली."

"चूक कायची?" तिनं तसबीर सोडली. एक टोपीवाला म्हातारा, थोडा रागावल्यासारखा, थोडा विचारात. उजव्या खांद्याशी ठिगळ. "हे आमचे अण्णाजी. बरीच वर्षं झाले आता. तूच आलता. वळखलं काय?"

चंद्रभाननं ओळखलं नाही. चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत. राहिले असते तर काम करणं जड गेलं असतं. तरी त्यानं मान हलवली.

"मले एकच इचारायचं आहे," ती म्हणाली. "हे कापड जांभळं होतं?"

"हो."

"मले वाटे राखी रंगाचंच आहे." तिनं फुलामागच्या जांभळ्यावर बोट फिरवलं. "मले कसं माहीत राहीन? मी मांगं होती. पोरगा नागपूरहून यायचा होता, तवा मान मीच धरली. कापडाच्या मांगून त सारं अंधारलेलंच दिसे." मग तिनं तसबीर त्याच्यापुढं सरकवली. "हे पाह्य. हे बोट माहं आहे."

अण्णाजींच्या कानाखाली, टोपीच्या सावलीत, एका बोटाचं टोक होतं. बाकीची सगळी चंद्रभाननं पेन्सिलनं घालवली असावीत. हे राहून गेलं होतं. त्या दिवशी कदाचित दोन मयतं असतील. कदाचित तो नुसता थकला असेल.

"लोकं इचारतात, आजी तुमचा फोटू नाई काय? मी म्हणतो, आहे ना. तो पाह्य ना, कानाखाली." ती हसली. दात पुढचे दोनच होते. "आता मले समोर बसव. याच कापडापुढं. अन् अंधारात नाई, बाहेर. फुलाचा काढला तसा."

"आजी, ते मयताचं कापड आहे."

"मले नाई माहीत काय? मी मेल्यावर तू येशीनच. पोट्टे मले खुर्चीत बांधतीन, मान कोणी नीट धरन का नाई देव जाणे. पोट्ट्यायचे हात थरथरतात. त्यापेक्षा आताच काढ. मान माही मीच धरून ठेवतो."

चंद्रभाननं परसात लाकडी खुर्ची ठेवली. तुराट्या शोधू लागला. तेवढ्यात कोकिळा आली, तारेवरून पलंगपोस ओढला आणि दोन्ही हात उंच करून म्हातारीच्या मागं धरून उभी राहिली. चंद्रभान तिच्याकडे पाहतच राहिला.

"पाहून काय राह्यले? हात दुखतात," कापडामागून आवाज आला.

ऊन उतरलं होतं. एका गालावर सावली पडत होती, म्हणून त्यानं पितळी परात आणून उजेड टाकला. वारा होता. कोयऱ्या हलत होत्या.

"झालं काय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"वारा थांबू द्या, आजी."

"अण्णाजींच्या वेळी त तू वाऱ्याची वाट पाह्यली नव्हती."

"ते हालत नव्हते."

म्हातारी हसली, कापडामागं कोकिळा हसली, पलंगपोस आणखी हलला, आणि चंद्रभानला पुन्हा थांबावं लागलं. तो परात धरून उभा राहिला. जिवंत माणसाला फार वेळ लागतो, हे तो विसरला होता.

फोटो तळेगावच्या ओसरीवर लागला, अण्णाजींच्या शेजारी, त्याच ठिगळाखाली. तो पाहून आठवडाभरात तळेगावहून दोन म्हातारे आले, मग नाऱ्याहून एक बाई, मग कोणाचा तरी चुलता, जो जन्मभर फोटोपासून पळत आला होता. सगळ्यांना तेच कापड हवं होतं, बाहेर, उजेडात. 'मी आता फुलंच काढतो' हे वाक्य वापरायची वेळ काही आली नाही. मयताची बोलावणी मात्र हळूहळू कमी झाली. ज्यांच्या घरून ती यायची, तीच माणसं आता एसटीनं स्वतः येत होती. सायकल मारावी लागत नसे, एवढा फरक पडला.

थकवा होता तेवढाच होता. फक्त कोकिळा आता फोटोआधी सगळ्यांना चहा देई, आणि एक कप चंद्रभानलाही. मग पदर खोचून तारेकडं जाताना ती रांगेतल्या म्हाताऱ्यांना बजावी, "हासायचं असन त आताच हासून घ्या. मले कापड धरून उभं राहा लागते."